बोरूत भरलेली बाजरी

आमच्या कारखान्यात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला दोन गोष्टी मिळायच्या. हजेरीचं कार्ड आणि फुंकायला एक नळी. कार्ड ऑफिसातून मिळायचं, नळी मास्तर द्यायचे. मी बी.एस्सी. होऊन जालन्याच्या एमआयडीसीतल्या त्या बियाण्यांच्या कारखान्यात लागले ते आणीबाणी उठली त्या वर्षी. प्रयोगशाळेत पाऊल टाकलं तर खाकी शर्टातला, बारीक मिशीचा, चाळिशीकडे झुकलेला एक माणूस समोर आला, नमस्कार केला न केला आणि करंगळीएवढी जाड बोरूची नळी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "बाई, फुंका."

"काय?"

"फुंका. आत न्हाई, काठावर. बाटलीच्या तोंडावर फुंकतेत तसं."

मला वाटलं, नोकरीआधी छाती तपासायची ही इथली पद्धत असेल. मी फुंकलं. पहिल्यांदा नुसती हवा गेली, दुसऱ्यांदा एक बारीक सूर निघाला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला, नळी परत घेतली, आत बाजरीचे दोन दाणे टाकले आणि पुन्हा माझ्यापुढे धरली. आता सूर जरासा वर चढला होता. "बराबर," ते म्हणाले, "चला, तुमचं टेबल दावतो."

ते मास्तर नव्हते. कुठल्याच शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण भेटेल त्याची परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारायचे, म्हणून फाटकावरच्या म्हाताऱ्या वॉचमनने त्यांना ते नाव दिलं आणि मॅनेजर साहेबांपासून हमालांपर्यंत सगळ्यांनी ते उचललं. त्यांचा लाडका शब्द होता, 'कशावरून?' कुणी म्हणालं, आज गरमी जास्त आहे, तर मास्तर मान वर न करता विचारायचे, "कशावरून?" मग त्या माणसाला थर्मामीटर बघायला भिंतीपर्यंत जावं लागायचं. मी पहिल्या महिन्यात तीनदा चिडले आणि चौथ्या वेळी स्वतःच थर्मामीटर बघून मग बोलले. त्यावर ते खूश झाले.

त्यांचं काम उगवण चाचणीचं. शंभर दाणे ओल्या कागदावर ओळीने मांडायचे, कागदाची गुंडाळी करून ठेवायची, ठरलेल्या दिवशी उघडायची आणि किती उगवले ते मोजायचं. मी पदवी घेऊन आले होते, ते मॅट्रिकही नव्हते, पण मला काम शिकवलं त्यांनी. गुंडाळी उघडताना ते श्वास रोखून धरत. कोंब वाकडा असला तर तो का वाकला असेल, यावर दहा मिनिटं विचार करत. "सगळे कसे सरळ आले हे कोनी पण सांगंल," ते म्हणायचे, "ह्यो एकटा वाकडा का गेला, ते सांगा."

मास्तरांच्या मनगटावर घड्याळ होतं. मी एकदा वेळ बघायला गेले तर दुपारी दोनला त्यात पहाटेचे साडेतीन. म्हटलं, मास्तर, घड्याळ बंद पडलंय. म्हणाले, "बंद न्हाई. ते तिकडचं हाये."

"तिकडचं म्हणजे?"

"डोंगरातलं. अँडीज. ते लोक आता झोपलेत." इकडच्या वेळेचं काय, असं विचारलं तर शांतपणे म्हणाले, "इकडं भोंगा हाये की."

हे अँडीज प्रकरण मला कळायला एक रविवार जावा लागला. बियाण्याला सुट्टी कळत नाही, म्हणून आम्ही आळीपाळीने रविवारी यायचो. त्या रविवारी माझी पाळी होती आणि मास्तर पाळी नसताना आले. सायकलला पिशवी, पिशवीत रेडिओ. रेडिओ घरी का ऐकत नाही, तर म्हणे इथे पत्र्यावर तार लांबवर ताणता येते. शेजारच्या लोखंडाच्या मिलमुळे आठवडाभर रेडिओतून नुसती खरखर यायची, रविवारी मिल बंद. सकाळी आठला त्यांनी काटा एका रेघेवर आणून ठेवला आणि कान लावून बसले. काही वर्षांपूर्वी शेतीच्या बातम्या शोधताना काटा घसरला आणि हे केंद्र लागलं, तेव्हापासून त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता.

दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरातल्या एका शहराचं ते केंद्र. इंग्रजीत बोलणारी एक बाई, मग अर्धा तास संगीत. आधी जुनं, खेड्यांतलं, मग नवं, शहरातलं. पहिलं मी ऐकलं ते एका मोठ्या ढोलाचं सावकाश वाजणं आणि त्यावर पुष्कळशा बोरूच्या नळ्या. खरं सांगायचं तर मला त्यात गाणं सापडेना. घागरीच्या तोंडावर पोरं फुंकत असावीत असं वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मास्तरांना राग आला नाही. "घागरच हाये ती," ते म्हणाले, "पर किती जनाची हाये ते मोजा." मी मोजायला लागले. सहा, आठ, दहा. मोजता मोजता ते कानात शिरलं, आणि मग मला ते कधी काढता आलं नाही.

नव्या संगीतात गिटार असायची, तरुण आवाज असायचे. त्याच नळ्या, पण चकाचक. मला तेच जास्त आवडायचं आणि मास्तर जुन्याचा अभिमान धरतील म्हणून मी वाद घालायला तयारच बसले होते. त्यांनी वाद घातला नाही. त्यांना वेगळंच काही हवं होतं. "ह्ये पोरं कोनाचे हायेत?" त्यांनी विचारलं. "नळ्या वाजवनाऱ्यांचे, का ज्यांच्याकडं त्या वाजत होत्या त्यांचे?" मला प्रश्नच समजला नाही. रेडिओवरच्या बाईने ते सांगितलं नव्हतं एवढंच मी म्हणाले.

तर त्या ऐकलेल्या नळ्या मास्तर स्वतः बनवत होते. कुंडलिका नदीच्या काठचा बोरू आणायचे, वाळवायचे, पेराजवळ कापायचे म्हणजे खालचं तोंड आपोआप बंद राहतं. लहान-मोठ्या नळ्या सुतळीने शेजारी शेजारी बांधायच्या. सूर जुळेना तर नळीत दाणे टाकायचे. दाणा पडला की आतली जागा कमी होते आणि सूर चढतो, हे त्यांनी स्वतःच शोधलं होतं. ज्वारी मोठी पडते, तीळ सरकतो, बाजरी बराबर, हा त्यांचा निष्कर्ष. फुंकायचं मात्र दुसऱ्याने. कारखान्यातल्या एकूण एक माणसाने त्यांच्या नळ्या फुंकल्या होत्या. टेम्पोवाले, हमाल, एकदा तर पोस्टमन. मास्तरांनी स्वतः फुंकलेलं कुणीच पाहिलं नव्हतं.

मी विचारलं तर म्हणाले, "दात हालून राह्यलेत." पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं तर म्हणाले, दम लागतो. रोज आठ मैल येणं आणि आठ मैल जाणं सायकलवर करणाऱ्या माणसाला दम लागतो, हे मी ऐकून घेतलं. 'कशावरून?' असं विचारायचं अगदी तोंडावर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून नाही विचारलं.

आता ती बाजरीची फजिती. पावसाळ्यात तेरा नळ्यांचा एक जोड त्यांनी महिनाभर खपून जुळवला. मी आणि वॉचमनबुवा आळीपाळीने फुंकायचो. वॉचमनबुवा मेंढरांमागे आयुष्य गेलेला माणूस, तरुणपणी पावा वाजवायचा, त्याची फुंक माझ्यापेक्षा कितीतरी साफ. सगळं जमलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं बिघडलं. प्रत्येक नळी चढी बोलायला लागली. मास्तर गोंधळले. बोरू आक्रसला असेल, हवा दमट असेल, माझे ओठ बदलले असतील, असे सगळे तर्क झाले. शेवटी मी एक नळी उजेडात धरली तर आतून पांढरा कोंब माझ्याकडे बघत होता. आमच्या दोघांच्या तोंडच्या वाफेने बाजरी उगवली होती. आयुष्यभर ओल्या कागदावर दाणे रुजवणारा माणूस, आणि हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मी हसून हसून खुर्चीवर बसले. मास्तरांनी सगळ्या नळ्या उलट्या करून दाणे कागदावर काढले, मोजले, आणि गंभीरपणे म्हणाले, "चौतीसपैकी चौतीस. लॉट चांगला हाये." त्यानंतर ते बाजरी तव्यावर भाजून मगच नळीत घालायचे.

सूर जुळले तरी रेडिओवरचं गाणं काही निघेना. वॉचमनबुवाला मध्येच श्वास पुरेना, मला तर नळ्यांवरून तोंड इतक्या जल्दी सरकवताच येईना. मास्तर रविवारी ऐकायचे, सोमवारी आम्हाला बसवायचे, आणि मंगळवारी म्हणायचे, "आपल्याला काहीतरी कळलेलं न्हाई." शेवटी त्यांनी मला इंग्रजीत पत्र लिहायला बसवलं. रेडिओवरच्या बाईलाच. पहिला प्रश्न, एकटा माणूस हे कसं वाजवतो. दुसरा, कोणत्या झाडाची नळी. हे मी झटपट लिहिलं. मग ते थांबले. टेबलावरचा कागद सरळ केला, पुन्हा सरळ केला.

"अजून एक लिवा. वाजवनाऱ्याला कोनी बलावतंय का? का त्ये आपनहून वाजवतेत?"

मी लिहिलं.

"अन वाजवून झाल्यावर त्यायला जेवायला कुठं बसवतेत, त्ये पन."

मला गंमत वाटली. म्हटलं, मास्तर, सातासमुद्रापलीकडे पत्र लिहितोय आणि विचारायचं काय, तर जेवण? "लिवा तुम्ही," ते म्हणाले. मी लिहिलं, आणि मनात हसले. त्या हसण्याची मला पुढे फार लाज वाटली.

उत्तर चार महिन्यांनी आलं. जाड पाकीट, त्यावर लामा नावाच्या उंटासारख्या जनावराचं तिकीट, आत टाइप केलेली दोन पानं आणि एक फोटो. मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. त्या नळ्या एकटा माणूस वाजवतच नाही. त्यांची जोडी असते. एक सूर याच्याकडे, पुढचा त्याच्याकडे. याने फुंकलं की तो थांबतो, त्याने फुंकलं की हा श्वास घेतो. पूर्ण गाणं कुणा एकाच्या हातात नसतंच. मास्तरांनी कपाळावर हात मारला. दोन वर्षं ते सगळ्या नळ्या एकाच माणसाच्या तोंडाला लावत होते.

पुढे लिहिलं होतं की खेड्यातले लोक हे आपल्या शेतासाठी, आपल्या सणाला वाजवतात, अख्खा गाव मिळून. त्यांना कुणी बोलावत नाही. पण बाई प्रामाणिक होती. तिने हेही लिहिलं होतं की शहरातले मोठे लोक पूर्वी सणावाराला या लोकांना बोलावत, अंगणात वाजवून घेत आणि अंगणातच खायला देत. तिच्या आजोबांच्या घरीही तसंच होतं. आता शहरातली कॉलेजची मुलं त्याच नळ्या घेऊन स्टेजवर गिटारबरोबर वाजवतात, रेकॉर्डी निघतात, आणि जुन्या वाजवणाऱ्यांनाही मानाने बोलावतात. काही जण जातात. काही जण अजूनही जात नाहीत.

"शेवटचं परत वाचा," मास्तर म्हणाले. मी वाचलं. त्यांनी ते तीनदा वाचून घेतलं, मग पत्र घडी करून वरच्या खिशात ठेवलं. फोटो बघायचंही विसरले.

दुसऱ्याच दिवशी जोड सोडून दोन झाले. सात नळ्या वॉचमनबुवाकडे, सहा माझ्याकडे. मास्तर मधे उभे, पेन्सिल घेऊन. पेन्सिल माझ्याकडे वळली की मी, तिकडे वळली की बुवा. जेवणाच्या सुट्टीत गोदामामागे आमची ही कवायत चालायची. आठवडाभरात एक अख्खं गाणं निघालं. खरंच निघालं. हमाल पोती टेकवून ऐकायला लागले. मला असं वाटलं की मी काहीतरी मोठं केलंय, आणि त्याच भरात मी चूक केली. मॅनेजर साहेबांना जाऊन सगळं सांगितलं.

साहेब वाईट नव्हते, हौशी होते. पुढच्या महिन्यात बियाणं विक्रेत्यांचा मेळावा होता, मुंबईहून बडे लोक येणार होते. साहेबांनी तिथल्या तिथे ठरवलं. आम्ही तिघांनी फेटे बांधून फाटकात उभं राहायचं आणि पाहुणे आत येताना वाजवायचं. मी हो म्हणून आले. मास्तरांच्या वतीनेही.

साहेबांनी मास्तरांना बोलावलं तेव्हा मी तिथेच होते, शाबासकीतला माझा वाटा घ्यायला. साहेब म्हणाले, "तुम्ही नुसती पेन्सिल फिरवू नका, तुम्हीही वाजवा. तुमच्या घरात तर गावाचं वाजवणं होतं असं कळलंय मला. सनई ना? मग रक्तातच आहे."

मास्तरांचा चेहरा कोरा झाला. मला तोपर्यंत यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"साहेब," ते म्हणाले, "दाने मोजायला बलवा, दिवसातून धा येळा येतो. वाजवायला न्हाई."

"अहो, मानानं बोलावतोय."

"फाटकात?"

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले की प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा भरायची आहे, नाव मास्तरांचंच पुढे आहे, अशा वेळी नाराज करू नये माणसाने. मास्तर म्हणाले, "बराबर हाये," आणि नमस्कार करून बाहेर पडले. ती जागा त्यांना मिळाली नाही. ती मला मिळाली आणि मी ती घेतली. बारा वर्षं ते माझ्या हाताखाली दाणे मोजत होते आणि एकदाही त्यांनी मला त्यावरून टोचलं नाही. हे लिहिताना आजही मला बरं वाटत नाही.

पण त्या आठवड्यात जागेचं काहीच ठरलं नव्हतं. मला फक्त माफी मागायची होती. रविवारी दुपारी माझ्या सहा नळ्या पिशवीत घालून, त्या परत करायच्या म्हणून, मी बसने त्यांच्या गावाला गेले. गावाबाहेर बौद्धवाडा, पांढऱ्या मातीने सारवलेली घरं. मास्तर दारातच कपडे धूत होते. आत खाटेवर त्यांचे वडील बसले होते. डोळे अधू, पण आवाज खणखणीत.

"कोन हाये?"

"माझ्यासंग कामाला हायेत त्या बाई, बा."

"ये माय, आत ये. बाहीर नको हुबी राहू."

मी आत जाऊन त्यांच्या शेजारी बसले, पाणी प्याले आणि जे झालं ते सगळं त्यांना सांगून टाकलं. फाटक, फेटे, साहेबांचं बोलणं, माझं परस्पर हो म्हणणं. म्हातारबुवा ऐकत होते. मग त्यांनी सांगितलं. त्यांची सनई पंचक्रोशीत नावाजलेली. लग्न कुणाचंही असो, हे दारात. आत सूर जायचा, माणूस जायचा नाही. जेवण गोठ्याजवळ, लांबून वाढलेलं. पोरगा सोळा वर्षांचा, बापापेक्षा गोड वाजवायला लागला होता. छप्पन साली धम्म घेतला आणि सगळ्या वस्तीने ठरवलं, गावकीची कामं बंद. म्हातारबुवांनी सनई चुलीत घातली. "त्या दिशी आंघोळीचं पानी जल्दी तापलं," ते म्हणाले आणि हसले. मग पोराकडून शब्द घेतला की कुणाच्या दारात वाजवणार नाही.

"दारात," म्हातारबुवा मास्तरांकडे तोंड करून म्हणाले. "घरात वाजवू नको असं मी कवा म्हन्लो? वीस वर्सं झाली. तू शीळसुदिक घालत न्हाईस. मला वाटलं, पोराला इट आला वाजवन्याचा."

मास्तर पिळलेलं धोतर हातात धरून तसेच उभे होते. मी त्यांना एवढं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "घरात वाजवलं असतं तर बाहीर ऐकू गेलं असतं, बा. ऐकू गेलं असतं तर कोनीतरी बलवायला आलं असतं. अन कोनी गोड बोलून बलावलं असतं, तर मला न्हाई म्हनता आलं नसतं. माझा मलाच भरवसा नव्हता."

 बाहेर धुण्याचं पाणी ओघळत होतं.

"परवा बलावलं व्हतं ना?" म्हातारबुवांनी विचारलं.

"व्हय."

"गोड बोलून?"

"लई गोड."

"मंग? काय म्हन्लास?"

मास्तर उत्तर द्यायला तोंड उघडून थांबले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना दिसलं, आणि मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी पाहिल्या असतील, पण तो चेहरा मला कधीही डोळ्यांपुढे आणता येतो.

"न्हाई म्हन्लो," ते म्हणाले.

"मंग आता वाजीव की."

त्यांनी हात पुसले. वॉचमनबुवाच्या सात नळ्यांसारखाच एक जोड त्यांनी घरी करून ठेवला होता, तो फळीवरून काढला. खाटेजवळ जमिनीवर बसले. मी माझ्या सहा नळ्या पिशवीतून काढल्या. पहिली फुंक वाया गेली. दुसरी घोगरी आली. तिसऱ्या फुंकेला सूर निघाला तो इतका भरीव की कारखान्यातल्या सगळ्या माणसांनी मिळून त्या नळ्यांतून तसा काढला नव्हता. म्हातारबुवांनी खाटेच्या काठावर हात ठेवला आणि तो उचललाच नाही. मी ऐकत राहिले.

गाणं पुढे जाईना. एकच सूर संपला आणि सगळं थांबलं. मास्तर नळ्या ओठांना तशाच लावून माझ्याकडे बघत होते, म्हातारबुवांनीही तोंड माझ्याकडे वळवलं होतं, आणि मग माझ्या लक्षात आलं की पुढचा सूर माझ्याकडे आहे.